खोलीपुरता आवाज

नानाने खोक्याच्या डोक्यावर बोटाच्या पेराने टकटक केली, मग दोन्ही बाजूंना केली, मग पाठीवर. पाठीवर केली तेव्हा त्याचा चेहरा असा काही झाला की मी मनात म्हटलं, आता चंदूचं काही खरं नाही.

"ह्यो पुठ्ठा हाय," नाना म्हणाला.

"पुठ्ठा कसला नाना, कंपनीचा माल हाय. एकदम स्टिरिओ. जरा फिनिशिंग तर बघा."

चंदू आमच्या बौद्धवाडीच्या मुंबई मंडळाचा सेक्रेटरी. विहारात बसवायला स्पीकर हवेत असं मंडळाने ठरवलं, आणि ही जोडी त्याने मुंबईहून पोलादपूरपर्यंत एसटीत मांडीवर धरून आणली होती. पुस्तकांच्या फळीवर मावतील अशी दोन काळी खोकी. पुढे जाळी, जाळीवर दोन चंदेरी कड्या, एक मोठी आणि एक बारकी. दिसायला झकास. सगळी वाडी बघायला जमली होती आणि चंदू नव्या जावयासारखा मधोमध बसला होता.

नानाने खिशातून पेचकस काढला.

"नाना, गॅरंटी जाईल!"

"जाऊंदे."

पाठ निघाली ती खरोखरच पुठ्ठ्याची. आत पोह्यांच्या बशीएवढा एकच स्पीकर. वरची बारकी चंदेरी कडी म्हणजे नुसतं पत्र्याचं झाकण निघालं, त्याला वायरसुद्धा नव्हती. आणि तळाला सिमेंटचा गोळा चिकटवलेला, उचलल्यावर हाताला जड लागावं म्हणून.

"बगा समद्यांनी!" नाना खोकं उलटं करून फिरवू लागला. "ह्यो खालचा बोलनार, नि ह्यो वरचा नुसता त्वांड वासून बसनार. नि वजन कशाचं, तर सिमिटाचं! डोळं कुठं ठेवलं व्हतंस रे घेताना?"

लोक हसले. चंदूचे कान लाल झाले. मंडळाच्या पोरांना मुंबईच्या कुठल्यातरी दुकानदाराने सरळ सरळ गंडवलं होतं. चंदूचा दोष असलाच तर एवढाच की त्याने चकाकी बघितली. पण दोष वाटून देण्याची नानाला सवय नव्हती. जो समोर सापडेल त्याच्या पदरात सगळा.

"मग तुम्हीच बनवा," चंदू उठत म्हणाला. "मुंबईत फार मोठे इंजिनीअर होता ना."

"बनवतो. आनि तुज्या मंडळाला सांग, कान धुऊन या."

सहदेवनाना माझ्या वडिलांचा चुलतभाऊ. इंजिनीअर नव्हता. मुंबईच्या एका रेडिओ कारखान्यात तो तयार झालेले सेट ऐकायचा. समोरून एकेक सेट येणार, हा त्यावर टकटक करणार, पाठीवर तळवा ठेवून लाकूड थरथरतं का बघणार, आणि कुणाचं तरी बोलणं लावून ऐकणार. गाणं लावायचा नाही. गाण्यात माणूस फसतो, बोलण्यात फसत नाही, असं त्याचं म्हणणं. जन्म त्यात गेला आणि एके सकाळी कारखान्याच्या फाटकाला कुलूप. चौऱ्याऐंशीच्या उन्हाळ्यात नाना गावी परत आला तो रागाचं बोचकं घेऊनच. कारखान्याच्या मालकावरचा राग, युनियनवरचा राग, आणि या दोघांपर्यंत हात पोचत नसल्यामुळे जगातल्या प्रत्येक खरखरणाऱ्या वस्तूवरचा राग. नात्यातल्या एका लग्नात त्याने मांडवात घुसून लाऊडस्पीकरवाल्याचं बटण स्वतःच्या हाताने पिरगाळलं होतं. "वरमाय रडते ती पोरीसाठी का कानासाठी, त्ये तरी कळूंदे!" म्हणाला. तेव्हापासून लोक त्याला लग्नाची पत्रिका दबकतच द्यायचे.

पण विहाराच्या स्पीकरांत त्याचा जीव अडकला होता तो त्याच्या बायकोमुळे, प्रयागकाकीमुळे.

पावसाळ्यातल्या वर्षावासाचे तीन महिने आमच्याकडे रोज संध्याकाळी विहारात ग्रंथवाचन असतं. वाचते काकी. प्रौढांच्या वर्गात चाळिशीत अक्षरं शिकलेली बाई, पण वाचायला बसली की पोरंसुद्धा गप्प बसायची. मग तिच्या गळ्याला गाठ आली. मुंबईला नेऊन ऑपरेशन केलं, जीव वाचला, आवाज गेला. अगदी गेला नाही, सुतासारखा बारीक उरला. पुढच्या दोन रांगांना ऐकू यायचं, मागच्या बायका नुसत्या तोंडाकडे बघत बसायच्या. जयंतीसाठी घेतलेला माईक आणि ॲम्प्लिफायर विहारात होता, त्याला भाड्याचा भोंगा लावून बघितला, तर तव्यावर उलथणं घासल्यासारखं काहीतरी बाहेर आलं. वाचायला दुसरं कोणीतरी बघा, अशी कुजबुज सुरू झाली. काकीच्या कानावर ती गेली होती. ती काही बोलली नाही, आणि आम्ही सगळे धरून चाललो की तिला काही बोलायचं नाही.

नानाने परसातल्या पडलेल्या फणसाच्या फळ्या काढल्या. मृदंग ज्या लाकडाचा करतात ते लाकूड खोटं बोलणार नाही, म्हणाला. सांधे खाचा पाडून बसवले, सरसाने चिकटवले, एक खिळा मारला नाही. आत जुन्या घोंगडीचे तुकडे लावले. आतल्या आत आवाज घुमला की माणूस मडक्यात तोंड घालून बोलल्यासारखा ऐकू येतो, ते घोंगडी पिऊन टाकते. स्पीकर मात्र मुंबईहून मागवले, एक मोठा नि एक बारका, दोन्ही खरे, दोन्हींना वायर. पुढे काकीच्या जुन्या लुगड्याचं विरविरीत कापड ताणून लावलं.

मग परीक्षा सुरू. काकीला माजघरात माईकसमोर बसवायचं, खोकी ओटीवर ठेवायची, आणि हा डोळे मिटून बसणार.

"परत वाच. 'स' फिसकटतोय."

काकी परत वाचायची.

"आता छातीतून येतोय. तुजा आवाज छातीतला नाय. थांब." पाठ उघडायची, घोंगडीचा तुकडा काढायचा, परत लावायची. "आता वाच."

असं पंधरवडाभर चाललं. पोलादपूरच्या शाळेतून मी घरी येताना रोज ते ऐकायचो. एका संध्याकाळी मी अंगणात आलो आणि थबकलो. काकी ओटीवर माझ्या हाताच्या अंतरावर बसून वाचत होती, असं मला वाटलं. ओटीवर नानाशिवाय कोणी नव्हतं. आवाज तोच होता, ऑपरेशननंतरचा, बारीक, पण पुरा. वाक्याच्या शेवटी ती श्वास घेत होती तोही ऐकू येत होता. नाना मात्र खोक्यावर खेकसला, "उशिरानं का व्हईना, वळनावर आलास!"

आषाढी पौर्णिमेला चंदू मंडळाची चार माणसं घेऊन आला. विहारात मूर्तीच्या दोन्ही बाजूंच्या फळ्यांवर खोकी ठेवली. सगळी वाडी जमली. चंदूने टकटक केली, उचलून बघितली, वास घेतला, आणि कबूल केलं. "बनावट झकास हाय नाना. नो डाऊट." नाना फुलला. राग नसताना तो चेहरा कसा दिसतो ते मी त्या दिवशी बघून घेतलं.

"आता आवाज," चंदू म्हणाला आणि बरोबरच्या एकाकडे वळला. "भागोजी, पल्याड जा. गोमाजीच्या घराजवळ उभा ऱ्हा. ऐकू आलं की टॉवेल फिरव."

नानाला कळेना. "पल्याड? पल्याड कशाला?"

आता हे पल्याडचं सांगायला हवं. आमची वाडी नि पल्याडची वाडी यांच्या मध्ये फक्त ओढा आहे आणि त्यावर साकव, म्हणजे लाकडी पूल, आहे. पल्याडच्या देवळावर भोंगा आहे, आणि त्याचं तोंड त्यांच्या स्वतःच्या वाडीकडे नाही, आमच्याकडे आहे. पहाटे भजन आमच्या कानात, सप्ता आमच्या कानात, त्यांच्या पोरांच्या बारशाचं आमंत्रणसुद्धा आमच्या कानात, ज्या बारशाला आम्हाला कोणी बोलवत नाही. एकदा सांगायला गेलो तर म्हणाले, देवाचा आवाज आहे, कान झाका. त्यामुळे आमच्याकडे आवाजाची परीक्षा एकच: पल्याड गेला पाहिजे. ढोल असो, भाषण असो, भांडण असो. इथे बसून तुम्हाला हे हसू येण्यासारखं वाटेल. त्या भोंग्यासमोर एक वर्ष राहून बघा, मग हसा.

भागोजी गेला. काकी माईकसमोर बसली आणि वाचू लागली. मागच्या भिंतीला टेकलेल्या बायकांच्या माना एकदम वर झाल्या. दोन वर्षं ज्यांना शब्द कळला नव्हता त्यांना सगळं कळत होतं. रंगूबाई ऐकता ऐकता हुंकार भरू लागली. नाना भिंतीशी उभा होता, खोक्याच्या पाठीवर तळवा ठेवून.

चंदू दारात उभा होता आणि पल्याड बघत होता. भागोजी हात कमरेवर ठेवून उभा. टॉवेल खांद्यावरच. काकीने पान उलटलं, पुढचं वाचलं. भागोजीने कानाला हात लावून दाखवला आणि मान हलवली.

"जात नाय," चंदू आत येत म्हणाला. "फेल."

"अरे पन खोलीतला स्पीकर हाय त्यो!" नाना ओरडला. "खोलीतल्या मान्सांना ऐकू याया पायजे. आलं का नाय? रंगूबाय, आलं का नाय?"

"आलं बाबा. सम्दं आलं."

"नाना, बनावटीला कोण नाव ठेवतंय? पण आपल्याला खोलीपुरताच आवाज पायजे का? आपली वंदना आपणच ऐकायची, दार लावून? बाप खोलीत बोलला, आजा खोलीत बोलला. अजून किती वर्षं?"

"आवाज म्हंजे बोंब नव्हं रं!"

"त्यांची बोंब आपण रोज ऐकतोच ना? टोटल एकतर्फी?"

दोघांकडेही बोलण्यासारखं होतं, आणि दोघंही एकमेकांच्या अंगावर ओरडत होते. खरा राग दोघांचाही ओढ्यापलीकडे होता. तिथे तो पोचत नव्हता म्हणून इथे सांडत होता. मला दोघांच्याही मुस्काटीत द्यावीशी वाटली. काकी माईकसमोर तशीच बसून होती, वाचायच्या ओळीवर बोट ठेवून. तिच्याकडे कोणी बघितलं नाही. मंडळाने भोंगा घ्यायचं ठरवलं आणि मंडळी चहाला गेली.

नानाने दोन्ही खोकी काखेत मारली आणि तरातरा घरी गेला. मी मागोमाग गेलो, कारण त्याची चाल मला ओळखीची होती. पण पोचेपर्यंत उशीर झाला होता. त्याने एक खोकं अंगणात आपटलं. फुटलं नाही, इतके चांगले सांधे त्यानेच केले होते. त्याचाच त्याला जास्त राग आला. कोयता काढला आणि घाव घातला. दुसऱ्या घावाला फणसाचं पिवळं लाकूड उभं चिरलं आणि घोंगडीचा तुकडा बाहेर आला.

"फोडलंत?" काकी मागून आली होती. "आता त्यो दुसराबी फोडा."

"तुज्यासाठी जीव काडून केला नि ह्या गाडवांना—"

"माज्यासाठी केलात? मग मला इचारलंत का येकदा तरी? प्रयाग, तुजा आवाज कुटवर जाया पायजे, असं?"

ती ओरडत नव्हती, तिला ओरडता येतच नव्हतं. त्यामुळे तो राग ऐकायला आम्हाला दोघांनाही पुढे सरकावं लागलं. असा राग मी आयुष्यात दुसरा ऐकला नाही.

"तुजा आवाज नीट यावा म्हनून तर—" नाना पुटपुटला.

"नीट! पंदरा वर्सं मी पल्याड गोमाजीच्या शेतात लावनी केली. दुपारची भाकर मागायला गोमाजीच्या अंगनाभाईर हुभं ऱ्हायाचं नि हाक मारायची. हळू मारली तर कुनाला ऐकू येत नाय. मोट्यानं मारली तर 'वराडतेस कशाला' म्हनून शिवी. आवाज केवडा काडायचा त्ये त्यांनी ठरवायचं. मंग दवाखान्यात डाक्टरनं ठरवलं. आता तुमी ठरवताय, चंदू ठरवतोय. मला नाय पायजे तुमचा नीट. माजं वाचन त्या अंगनात जाया पायजे. फाटलेला तर फाटलेला. माजा हाय ना?"

नानाच्या हातात कोयता तसाच होता. कारखान्यात हजारो आवाज त्याने ऐकले असतील, पण घरातला हा आवाज त्याला पहिल्यांदाच ऐकू आला. तो ओटीवर बसला. काकी चिरलेल्या लाकडावरून पाय टाकून आत गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी नाना मला घेऊन चंदूकडे गेला.

"तुजा भोंगा लाव," म्हणाला. "पन वाचनार ती."

चंदू चाचरला. "नाना, भोंग्यात काकीचा आवाज फाटतो. तुम्हीच सांगितलंत. पल्याडचे हसतील. मंडळाकडं कॅसेट हाय, क्लिअर आवाज—"

नानाने त्याचा शर्ट गळ्याशी धरला. "हसंल त्याचं दात पाडीन. आनि कॅसेट लावलीस तर पयला तुजं."

चंदूने त्याचा हात सोडवला नाही. "मी बांधतो वर चढून," एवढंच म्हणाला.

ज्याला भोंगा म्हणजे शत्रू, तो नाना पुढचे दोन दिवस भोंग्याची सेवा करत होता. माईकला रुमालाची घडी बांधून बघितली, बटणं या टोकाची त्या टोकाला करून बघितली, काकीला माईकच्या समोरून जरा तिरकं बसवून बघितलं. तोंडाने शिव्यांचा पट्टा चालू. जेवढं होण्यासारखं होतं तेवढं झालं. आवाज फाटायचा तो फाटतच होता, लोखंडाच्या नळीतून सूत ओढल्यासारखा.

संध्याकाळी वाचनाची वेळ झाली तसा तो विहारातून बाहेर पडला. "मी पल्याड जातो," म्हणाला. मी बरोबर निघालो. साकवाखाली ओढा दणाणत होता. साकव ओलांडून आम्ही चढावर येतोय तोच मागून काकी सुरू झाली.

आवाज येत होता. बाईचा आहे आणि काहीतरी वाचते आहे, एवढं कळत होतं. बाकी ओढा खात होता, वारा खात होता, आणि उरलेलं भोंगा खात होता. 'स' नव्हता, 'श' नव्हता, श्वासाचा तर पत्ताच नव्हता. प्रत्येक खरखरीला नानाचा जबडा आवळला जात होता. मला वाटलं हा आता परत फिरेल आणि भोंगा उपटून काढेल.

गोमाजीचं घर वाडीच्या कडेला. अंगणाला दगडी गडग्याचं कुंपण. नाना कुंपणाशी क्षणभर थांबला, मग सरळ आत गेला आणि अंगणाच्या मधोमध उभा राहिला. मीही गेलो. ओसरीवर दोन बायका सुपं घेऊन बसल्या होत्या. त्यांचे हात थांबले.

गोमाजी डोक्यावर गवताचा भारा घेऊन मागल्या बाजूने आला. म्हातारा झाला होता. आम्हाला अंगणात बघून त्याच्या कपाळाला आठी पडली.

"काय रे सहदेवा? ह्ये काय लावलंय तिकडं? बाईमानूस वराडतंय कशाला?"

नानाच्या मुठी वळल्या. मी त्याचा दंड धरला. पण तो ओरडला नाही. आयुष्यात पहिल्यांदाच असेल, त्याने आवाज खाली आणला.

"वराडत नाय. वाचते. माजी बायको हाय, प्रयाग. तुमच्याकडं लावनीला यायची. हितं भाईर हुभी ऱ्हायाची."

गोमाजीने कुंपणाकडे बघितलं. मग भोंग्याच्या दिशेला कान केला. "कळत नाय काय बोलते त्ये."

"कळंल," नाना म्हणाला.

आणि तो तिच्या मागोमाग म्हणू लागला. पंधरवडाभर ओटीवर बसून त्याने तेच अध्याय पुन्हा पुन्हा ऐकले होते. पलीकडून खरखर यायची, आणि इकडे तिचं वाक्य नानाच्या रखरखीत तोंडातून पुरं व्हायचं. तो घाई करत नव्हता. ती जिथे थांबायची तिथे थांबत होता. माणसाने माणसाशी कसं वागावं असा काहीतरी तो भाग होता, आणि गोमाजीच्या अंगणात तो सरळ गोमाजीकडे बघून म्हणत होता. रागानेच म्हणत होता, पण एक शब्द इकडचा तिकडे करत नव्हता. ओसरीवरची सुपं खाली ठेवली गेली. आतून एक पोर दाराशी आलं तर एका बाईने त्याला ओढून मांडीवर घेतलं.

मग भोंगा एकदम गप्प झाला. नुसता ओढा ऐकू येऊ लागला.

"सपलं?" गोमाजीने विचारलं.

"नाय," नाना म्हणाला. "पान उलटते ती. थांबा."

गोमाजी डोक्यावरचा भारा तसाच धरून थांबला.